शनिवारी मी नसेन, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, हे तू मोठ्याने वाचून दाखव. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांनी एवढ्यात अक्षरांत डोळे घालायचे नाहीत.

आधी मुद्द्याचं सांगते. रत्नागिरीहून एसटी पकडून शनिवारच्या तपासणीला पोचेन असं म्हणाले होते, ते आता जमणार नाही. सायकल सहलीतल्या सगळ्यांबरोबर पुढे पणजीपर्यंत जायचं मी ठरवलंय. बाबा, डॉक्टरांशी बोलूनच ठरवलं. शनिवारी फक्त डोळा बघायचाय, दहा मिनिटांचं काम. दादा रजा टाकतोय, वहिनी घरी आहेच. चष्म्याचा नंबर काढायचा असेल तेव्हा मी शेजारी बसलेली असेन. मग एवढ्यावरून अर्ध्यात परतले असते, तर तुम्हालाच जास्त वाईट वाटलं असतं, हो ना?

आज हर्णैहून गुहागर, साठेक किलोमीटर झाले. कोकणात खाडी आली की उतार आणि खाडी ओलांडली की छातीवरचा चढ, दिवसभर हेच. कोळथऱ्याच्या पुढे मी उतरून सायकल ढकलली. त्यात कमीपणा कुणी मानत नाही. सगळ्यांच्या मागे राहणारा एक जण ठरलेला असतो, तो मला सोडून पुढे जात नाही. सामान टेम्पोत, डोक्यावर हेल्मेट, अंधार पडायच्या आत मुक्काम. आई, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घेत होते, तुझे डिंकाचे लाडू अजून उरलेत.

दाभोळला जंगलजेटीत सायकली चढवल्या आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरलो. ही फेरीबोट 2003 पासूनची. आई, तू आजोबांबरोबर लाँचमधून पलीकडे जायचीस ती हीच खाडी. मी कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाणी बघत होते. मग व्याडेश्वराला गेले, तुझ्या माहेरच्या नावानं नारळ ठेवला, बाबांच्या डोळ्यासाठी वेगळा.

मुक्काम एका पोफळीच्या वाडीत आहे. तंबू माडांपासून लांब, मोकळ्यावर लावलेत. वाडीच्या मालकीणबाईंनी स्वतः उभं राहून जागा दाखवली, "नारळ काय सांगून पडतो?" म्हणाल्या. न्हाणीघर बंदिस्त आहे, चुलीवरचं कढत पाणी मिळालं. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर सोलकढी. खाली जाड चटई आहे, थंडीही बेताचीच. मांड्या दुखतात, पण झोप लागते तशी घरीसुद्धा लागत नाही.

बाबा, उतारावर वारा कानात शिरला की मला तुमची ॲटलस आठवते. दांडीला पंचा गुंडाळून तुम्ही मला पुढे बसवायचात, घंटी माझ्याच हातात. आईनं सायकलचं नावच टाकलं होतं, तरी तुम्ही मला गुपचूप मैदानावर नेलंत. हे सगळं तिथूनच आलंय. तुम्ही दोघं इथं असतात तर किती बरं झालं असतं, असं आज फार वाटलं.

आता ऐका. थेंबांचा तक्ता फ्रिजवर आहे. एक थेंब घातला की पाच मिनिटं थांबून दुसरा, घाई नको. आंघोळ गळ्याखालून. खाली वाकून बादली उचलायची नाही, देवपूजेचं पाणी दादा भरेल. डोळा चोळायचा नाही आणि बाहेर पडताना काळा चष्मा हवाच. आई, तूही गुडघ्याला पट्टा लावल्याशिवाय जिना उतरू नकोस. वहिनीनं चहा केला तर घे, "मीच करते" म्हणत उठू नकोस.

उद्या हेदवी करून तवसाळहून जयगडला पलीकडे जाऊ, संध्याकाळी गणपतीपुळे. रात्री जेवणं झाली की फोन करेन. लागला नाही तर रेंज नाही एवढंच समजा, जागत बसू नका. शनिवारी डॉक्टर काय म्हणाले ते दादाला लगेच कळवायला सांगा, मला शब्दन् शब्द हवाय.

तुमची,
मनू