दुर्दम्य कोणाला म्हणायचे?

संपादक महोदय,
स. न.

आजारातून उठलेल्या माणसाची बातमी आली की 'दुर्दम्य इच्छाशक्तीच्या जोरावर' हे शब्द ठरलेलेच. मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे बहुतेक रुग्ण अर्धांगवायूचे. घरचे लोक अशी कात्रणे आणून त्यांच्यापुढे धरतात. "बघा बाबा, हे चालायलासुद्धा लागले. तुम्ही मनावरच घेत नाही."

अहो, मनावर घेण्याचे काम मेंदूच करतो, आणि कधी कधी इजा नेमकी तिथेच झालेली असते. भिंतीकडे बघत बसलेला रुग्ण आळशी नसतो. मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत मिळावे लागते. जत तालुक्यातल्या वस्तीवरून निघालेल्याचा त्यातला किती वेळ रस्त्यातच सरतो! तिथे इच्छाशक्ती काय करणार?

इंग्रजीतल्या 'इन्डॉमिटेबल'साठी आपण 'दुर्दम्य' वापरतो आणि दोन्ही निघाले एकाच मुळातून. लॅटिन 'डोमारे' आणि संस्कृत 'दम्' यांचे गोत्र एक, अर्थ वठणीवर आणणे. अमरकोशात 'दम्य' म्हणजे जुवाला धरण्याजोगा गोऱ्हा. जो जुवाखाली मान देत नाही तो दुर्दम्य. शर्यत जिंकली की नाही, हा प्रश्नच त्यात येत नाही. कॅमेरूनच्या फुटबॉल संघाचे बिरुद 'इन्डॉमिटेबल लायन्स'. २०१० आणि २०१४ च्या विश्वचषकांत ते साखळीतले तिन्ही सामने हरले, पण बिरुद कोणी काढून घेतले नाही.

माझ्याकडे एक निवृत्त एसटी कंडक्टर येतात. उजवी मूठ अजून पुरती उघडत नाही, चालणे चार पायांच्या काठीनेच. ताटलीतली चवळी एकेक उचलून वाटीत टाकायची, एवढाच व्यायाम. दाणा निसटला की दाण्याला अस्सल स्टँडवरची शिवी हासडतात आणि बोटे पुन्हा पुढे सरकवतात. त्यांची बातमी होणार नाही, कारण आजारावर 'मात' झालेली नाही.

माझी विनंती एवढीच. अशा बातमीत रुग्ण किती वेळात दवाखान्यात पोचला, व्यायाम किती महिने चालला, पैसा कोणी उभा केला, हेही छापा. आणि कधीतरी न चालू शकलेल्यांकडेही बातमीदार पाठवा. संध्याकाळी पाचनंतर माझ्याकडे चार-पाच जण असतातच. बोलायला त्यांची ना नसेल.

– एक वाचक, मिरज