पक्यास, आठ महिन्यांनी

पक्या,

आधी शिव्या घालून घे, मग वाच. आठ महिने फोन नाही मेसेज नाही, आणि कारण तुलाही माहितीये. तुझे आठ हजार. दिल्याशिवाय कुठल्या तोंडानं फोन करू म्हणत म्हणत गप्पच बसलो. तब्येत बरी, आईचे गुडघे आहेत तसेच.

पण परवा जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. गाडीचा हप्ता 4350, पाच तारखेला जुन्या कंपनीच्या सॅलरी अकाउंटमधून जातो. पगार आता नव्या खात्यात येतो, म्हणून मी दर महिन्याला मोजूनमापून जुन्यात टाकतो. ह्यावेळी 4412 होते, म्हणजे 62 जास्तच ना! बायको म्हणाली अजून हजार टाकून ठेव, मी म्हटलं उद्या रविवार, बँक बंद, हप्ता सोमवारी जाणार, बघू. 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारीपण हप्ते कापतात हे मला आत्ता कळतंय. आणि नेमकं शनिवारी रात्री बँकेनं 354 उचलले, मिनिमम बॅलन्स नाही म्हणून. 300 आणि वर 18 टक्के जीएसटी. उरले 4058. हप्ता बाउन्स. 292 रुपयांसाठी रे!

पुढं ऐक. बँकेनं बाउन्सचे 590 घेतले, फायनान्स कंपनीनं तिकडून 590 लावले, मेसेज आला तो मी जाहिरात समजून उडवला, बुधवारी त्यांनी हप्ता परत टाकला, आता तर खात्यात 3468च, परत बाउन्स, परत दोन्हीकडून 590. बेरीज कर, तुला आवडतं ते. 2714. आणि नव्या खात्यात तेव्हा एकतीस हजार निवांत लोळत होते. खरंच पैसे नसते तर एवढं लागलं नसतं.

गेलो ब्रँचला भांडायला. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, तीन महिने पगार जमा नाही झाला की ते साधं सेव्हिंग खातं होतं. मी म्हटलं स्टेट बँकेनं 2020 मध्येच मिनिमम बॅलन्सची भानगड काढून टाकली, तुमचं काय? शिवाय रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आधी कळवायचं, महिनाभर मुदत द्यायची, मगच दंड. जोरात बोललो, मागच्या रांगेतल्या काकांनी मान पण डोलावली. मॅडमनी माझ्याच मोबाईलमध्ये मेल शोधून दाखवला. दीड महिन्यापूर्वीचा, न उघडलेला, पिझ्झाच्या कुपनाखाली. काकांनी मान डोलवायची थांबवली.

तेव्हा तुझी वही आठवली. 'कटिंग 3 रु., संद्याकडून येणे.' अलिबागला त्या वहीवरून आपलं वाजलं, मी ती बादलीत टाकली, आणि तू म्हणालास, संद्या, तुझ्याकडे पैसे असतात रे, फक्त कुठं असतात ते तुला माहीत नसतं. दोन दिवस बोललो नव्हतो मी. (बादलीत पाणी होतं हे मला माहीत नव्हतं, हे अजूनही खरं आहे.)

आता हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, नव्या खात्यावर घेतोय, फॉर्म दिलाय, ते झाल्याशिवाय जुनं बंद करता येत नाही, नाहीतर परत तेच. तोवर तीन तारखेला 5000 आपोआप जुन्यात जातील असं लावलंय, माझ्या डोक्यावर काही ठेवलेलं नाही. आईचं खातं बेसिक करून घेतलं, त्याला मिनिमम बॅलन्सच नसतो, आणि महिन्यात चारदा पैसे काढायला फुकट, तिला तेवढं खूप.

तुझ्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली झाली म्हणे, पिंट्याची दहावी ना यंदा? सविस्तर लिही.

आणि तीन तारखेलाच तुझ्या खात्यात दोन हजार येतील, असे चार महिने. तेही आपोआप लावलंय. वही अजून असेल तर लिहून ठेव, ओली झाली असली तरी.

संद्या

ता.क. व्याज मागितलंस तर बादलीचा विषय परत काढीन.