टाकीतला उलटा बुरूज

दाभोळ

चि. बाळू यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू फार थोडं बोललास. चाचणीत पंपाचं सील गेलं आणि ठपका तुझ्या ड्रॉइंगवर आला, एवढंच सांगितलंस. सील बदलू नका असं तू आधीच लेखी कळवलं होतंस, हे नंतर सूनबाईंकडून तुझ्या आईला कळलं. शेवटी म्हणालास, "बाबा, यंदा गणपतीला जमणार नाही, आधी हे निस्तरतो." तेव्हा मला काही सुचलं नाही. चार रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

गेल्या वर्षी तू मला तुझ्याकडे अमेरिकेत न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या म्युझियममध्ये नेलं होतंस ते आठवतंय? अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या 'मॉनिटर' या लोखंडी जहाजाचा तोफांचा बुरूज तिथे एका प्रचंड टाकीत ठेवलाय. आपण गेलो त्या दिवशी टाकीतलं पाणी उपसलेलं होतं. जहाज उलटून बुडालं, म्हणून बुरूजही उलटाच. आतला व्यास २० फूट, भिंत आठ इंच जाड. एक इंची पत्र्याचे आठ थर एकावर एक ठोकून बोल्टांनी आवळलेले. आणि बाहेरून गोळ्यांचे पोचे. पितळी पातेलं हातातून पडल्यावर येतो ना, तसाच पोचा, पण आठ इंच लोखंडाला. नात म्हणाली, "आजोबा, चला ना." मी हललो नाही. तो बुरूज ज्याने आखला त्या जॉन एरिकसनबद्दल घरी आल्यावर मिळेल ते वाचत गेलो. तुझं ऐकून पहिल्यांदा तोच आठवला.

हा स्वीडनचा. १८०३ चा जन्म, वर्मलांड प्रांतातल्या खाणीच्या गावात. वडिलांचा धंदा बुडाला आणि ते यॉटा कालव्याच्या कामावर लागले. पोरगाही तिथेच तयार झाला. चौदाव्या वर्षी मोजणी करत होता. दुर्बिणीपर्यंत डोळा पोचायचा नाही, म्हणून बरोबरचा माणूस एक स्टूल घेऊन फिरायचा. १८२६ मध्ये इंग्लंडला गेला. तिथे बोटीला मागून मळसूत्री पंखा लावला. पंखा एकट्या त्याचा नव्हे, हेही सांगतो. त्याच १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्यानेही पेटंट घेतलं. पण एरिकसनने १८३७ मध्ये थेम्स नदीत आरमाराच्या बड्या साहेबांना बसवून त्यांची नाव ओढून दाखवली. उतरल्यावर साहेब म्हणाले, जोर मागून लागला तर जहाज वळणार नाही! मी ज्या ज्या जहाजावर काम केलं, त्या प्रत्येकाचा पंखा मागेच होता.

१८३९ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. रॉबर्ट स्टॉकटन नावाच्या अमेरिकन आरमारी कप्तानाने नेलं. दोघांनी मिळून 'प्रिन्स्टन' उभं केलं. पंख्यावर चालणारं ते पहिलं लढाऊ जहाज, आणि गोळा लागू नये म्हणून इंजिन सगळं पाण्याच्या रेषेखाली. डोकं एरिकसनचं, मिरवणूक स्टॉकटनची. जहाज वॉशिंग्टनला निघालं तेव्हा स्टॉकटनने एरिकसनला बरोबर घेतलंसुद्धा नाही.

त्या जहाजावर दोन मोठ्या तोफा होत्या. एक एरिकसनची. चाचणीत तिला तडा गेला तेव्हा त्याने बाहेरून लोखंडी कडी चढवून ती बळकट केली होती. दुसरी स्टॉकटनने स्वतः करवून घेतली, पहिलीपेक्षा जाड. त्याला वाटलं, जाड म्हणजे मजबूत. २८ फेब्रुवारी १८४४ ला पोटोमॅक नदीत, जहाजावर पाहुणे असताना, ती फुटली. सहा माणसं गेली, त्यांत देशाचे परराष्ट्रमंत्री आणि नौदलमंत्री. चौकशीत स्टॉकटन सुटला. शिंतोडे उडाले एरिकसनवर, जो त्या दिवशी जहाजावर नव्हता आणि ती तोफ ज्याची नव्हती. 'प्रिन्स्टन'च्या कामाचे पैसेही आरमाराने त्याला कधीच दिले नाहीत.

बाळू, हे वाचताना माझे हात थरथरले. मलाही एकदा जनरेटर बंद पडल्याचा दोष घेऊन जहाजावरून उतरावं लागलं होतं. तेल बदलायचं राहिलंय असं मी दोनदा सांगितलं होतं, पण ते लॉगबुकात कुणी लिहिलं नव्हतं. तुला हे आजवर सांगितलं नाही. तू लेखी कळवलंस, हे फार बरं केलंस. तो कागद जपून ठेव आणि न घाबरता पुढे कर. तुझं काम मला ठाऊक आहे. शाळेत असताना सायकलचा फ्रीव्हील उघडून सगळे छर्रे मोजून परत बसवणारा पोरगा तू.

सतरा वर्षांनी त्याच आरमाराला एरिकसनची गरज पडली. यादवी युद्ध सुरू झालं होतं, दक्षिणेची राज्यं 'मेरिमॅक' या जळक्या जहाजावर लोखंड चढवून 'व्हर्जिनिया' करत होती. एरिकसनकडे बुरुजाच्या लोखंडी जहाजाचा पुठ्ठ्याचा एक नमुना कित्येक वर्षं पडून होता. एका डब्यातून तो निघाला आणि थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनपर्यंत पोचला. ४ ऑक्टोबर १८६१ ला करार झाला, २५ तारखेला ब्रुकलिनमध्ये कणा घातला, ३० जानेवारी १८६२ ला 'मॉनिटर' पाण्यात.

यातली लढाई सगळे सांगतात. माझा जीव अडकलाय त्याआधीच्या प्रवासात. ६ मार्च १८६२ ला 'मॉनिटर' न्यूयॉर्कहून निघालं, पुढे टगबोट ओढतेय. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. एरिकसनने बुरूज डेकवरच्या पितळी कड्यावर स्वतःच्या वजनाने घट्ट बसेल असा आखला होता. लोकांना भरवसा वाटला नाही. त्यांनी तो वर उचलून फटीत काथ्या कोंबला. लाटांनी काथ्या धुऊन नेला आणि सगळीकडून पाणी आत कोसळू लागलं. नंतर लाटा हवेच्या नळ्यांमधून उतरल्या. आत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचे चामडी पट्टे भिजले, घसरू लागले, ब्लोअर थांबले. बॉयलरच्या आगीला हवा नाही आणि धुराला वाट नाही. इंजिन रूम विषारी वायूने भरली. पट्टे चढवायला इंजिनियर आत शिरले आणि एकेक करून कोसळले. त्यांतल्या एकाचं नावही बघ, आयझॅक न्यूटन! त्यांना खेचून वर काढलं आणि बुरुजाच्या माथ्यावर वाऱ्यात आडवं केलं. वाफ नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी चढतंय. तू इंजिन रूममध्ये काम केलेलं नाहीस, पण पंप बंद झाल्यावरची ती शांतता मी ऐकलेली आहे. टगबोटीने किनाऱ्याकडे ओढून नेलं म्हणून वाचले.

आणि अशा दमलेल्या माणसांनी ९ मार्चला सकाळी हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत 'व्हर्जिनिया'ला चार तास थोपवून धरलं. आदल्याच दिवशी तिने दोन लाकडी युद्धनौका संपवल्या होत्या. तू राहतोस तिथून ते पाणी दिसतं. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला केप हॅटरसजवळ वादळात 'मॉनिटर' बुडालं. सोळा जण गेले. २००२ मध्ये बुरूज वर काढला तेव्हा आत दोघांचे सांगाडे होते.

इथपर्यंत वाचलं तेव्हा वाटलं, हे सगळं तुला सांगावं, तुला बळ येईल. मग त्याच्या घरचं वाचलं आणि दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं.

त्याला एक मुलगा होता, यालमार. लग्नाआधीचा. एरिकसन स्वीडन सोडून गेला तेव्हा पोर दोन वर्षांचंही नव्हतं. आजीने वाढवलं. तोही इंजिनियर झाला, रेल्वेचा. बापलेकांची गाठ पडली १८७६ मध्ये, मुलगा अमेरिकेला आला तेव्हा. मुलगा पन्नाशी ओलांडलेला, बाप सत्तरीच्या पुढचा. अकरा वर्षांनी मुलगा बापाच्या आधी गेला. बायको अमेलिया न्यूयॉर्कहून इंग्लंडला परतली ती परतलीच. तो पैसे पाठवत राहिला. स्वतः म्हातारपणी बीच स्ट्रीटवरच्या घरात ड्रॉइंग बोर्डाशी, सूर्याच्या उन्हावर चालणारं इंजिन करत. ८ मार्च १८८९ ला वारला. पुढच्या वर्षी युद्धनौकेतून त्याचं शव स्वीडनला नेलं. जिवंतपणी तो गावी परत गेला नाही.

इंजिनियर म्हणून त्याच्या पायावर डोकं ठेवावं. पण बाप म्हणून तो चुकला, असं मला वाटतं. आणि हे मी म्हणू शकतो, कारण मीही तेच केलं. तुझ्या आईची पत्रं एजंटच्या ऑफिसातून बंदरा-बंदरांवर मागून यायची. तुला गोवर आल्याचं मी रॉटरडॅमला वाचलं आणि रात्रभर झोपलो नाही. तेव्हा तू बरा होऊन शाळेतही जायला लागला होतास. तुझा आजार मी अख्खा, एकट्याने, दीड महिना उशिरा काढला. माझ्या नावावर पगार होता, म्हणून कुणी मला काही बोललं नाही. तूही बोलला नाहीस. ते मला अजून टोचतं.

ठपका निस्तरायला वेळ लागेल. तो तू तिथेही निस्तरशील आणि इथून गेल्यावरही. नात यंदा सात वर्षांची आहे.

कोकणातल्या गाड्यांचं आरक्षण गणपतीत लगेच भरतं, तेव्हा तारखा लवकर कळव. आई मोदकांसाठी आंबेमोहोर दळून ठेवणार आहे. मखराचा सांगाडा मी यंदा नव्याने करतोय, नटबोल्टांचा. तीन बाजू जोडून झाल्या. चौथी तशीच ठेवलीय, आठ नंबरचा छोटा स्पॅनर नातीच्या हातात बसतो का ते बघायचं आहे.

तुझे,
बाबा