निळी खूण आणि बंद कोड

१ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिन, जवळ आला की बेळगावात मोबाइलवर जुने व्हिडिओ नव्याने फिरू लागतात. एसटीच्या फुटलेल्या काचा, काळे फासलेला फलक. कुठला, कधीचा, कुणी टाकला, काही पत्ता नाही. खाते उघडून पाहावे तर फोटो देवाचा आणि नाव अमुक 'सीमावासी' नाहीतर तमुक 'कन्नडिग'. दोन्हीकडे सारखेच.

म्हणून 'प्रत्येक खात्याला आधार जोडा' ही मागणी मात्र पटत नाही. मराठी फलकाबद्दल दोन ओळी लिहिणारा नाव का लपवतो, हे खानापूर-निपाणीकरांना सांगायला नको. २०२१ च्या केंद्रीय आयटी नियमांत मोठ्या कंपन्यांनी ऐच्छिक पडताळणीची सोय द्यावी, असे आहेच. ऐच्छिकच बरी. पण २०२२ मध्ये ट्विटरने (आताचे एक्स) खाते खरे असल्याची निळी खूण मासिक शुल्कावर विकायला काढली आणि ओळखीच्या खुणेची पावती झाली.

त्याहून खटकते ती कोणती पोस्ट वर आणायची हे ठरवणारी यंत्रणा. मार्च २०२३ मध्ये ट्विटरने तिच्या कोडचा, म्हणजे ती ज्या सूचनांवर चालते त्यांचा, काही भाग सर्वांना पाहायला खुला केला. पण पोस्टची निवड करणारे मॉडेल, म्हणजे माहितीवरून शिकणारा प्रोग्राम, ज्या माहितीवर शिकले ती दिली नाही. मग तपासायचे काय, कपाळ? ट्विटरसारख्याच मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचा कोड खुला आहे. तिथे प्रोफाइलवर स्वतःच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि त्या संकेतस्थळावर प्रोफाइलचा rel=me असा दुवा टाकला की ते संकेतस्थळ आपले असल्याची खूण मिळते, ओळखपत्र न देता. इथल्या मराठी संस्था आणि वाचनालयांनी निदान एवढे करावे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरे दुपारभरात लावून देतील.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव