56 आणि 57 चं गणित

कोल्हापूर,
8 डिसेंबर 2024

प्रिय संज्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून "निवांत लिहितो" म्हणालो. तुझा सवाल एकच होता. शिंदे साहेबांच्या तोंडाकडं बघून लोकांनी मतं दिली, महायुती 230 वर गेली, मग तो माणूस उपमुख्यमंत्री कसा काय झाला? लेका, अख्खं गाव हेच विचारतंय. पण आधी इथली गंमत ऐक, पेपरात तुला ती अर्धीच कळली असणार.

4 नोव्हेंबरला अर्ज माघारीचा शेवटचा दिवस. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना उमेदवारी दिली, मग ती काढून शाहू महाराजांच्या सूनबाई मधुरिमाराजेंना दिली, आणि वेळ संपता संपता मधुरिमाराजेंनीच अर्ज मागं घेतला. झालं! ज्या हातावर शाहू महाराज सहा महिन्यांपूर्वी खासदार झाले, तो हातच उत्तरच्या मतदान यंत्रावर राहिला नाही. लाटकर अपक्ष म्हणून रिंगणात होते, चिन्ह प्रेशर कुकर. मग काय, काँग्रेसची माणसं कुकर घेऊन दारोदार. गंगावेशीत दूध प्यायला गेलं की शिट्ट्या किती होणार, यावरच चर्चा. आणि दुसऱ्याच दिवशी, 5 तारखेला, महायुतीनं प्रचाराचा नारळ आपल्याच गावात फोडला. शिंदेंनी इथंच सांगितलं, लाडक्या बहिणीचे 1500 आहेत ते 2100 करू.

आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी तुला आठवत असतील. ऑगस्टमध्ये राखी पौर्णिमेच्या तोंडावर त्यांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, दोन महिन्यांचे मिळून 3000. ओल्या हातानंच फोन माझ्यापुढं धरला, "दादा, शून्य किती हैत ते नीट बघा." दिवाळीपर्यंत 7500 झाले. कुणी काहीही म्हणो, नवऱ्याला न विचारता खर्चता येईल असा पैसा त्या बाईनं पहिल्यांदा बघितला. याला नुसतं 'मतं विकत घेतली' म्हणून मोकळं होणाऱ्यांचं मला पटत नाही. निवडणुकीच्या तोंडावरच सुचलं हेही खरं, पण मावशीच्या हातात पैसे आले तेही खरंच.

तर 20 नोव्हेंबरला मतदानाला मावशी सकाळी सातलाच रांगेत. त्या राहतात दक्षिणमध्ये. आत जाऊन धनुष्यबाण शोधतायत, तर तो नाहीच! तिथं अमल महाडिक कमळावर. बाहेर येऊन म्हणाल्या, "दादा, भावासाठी कमळ दाबलं." आता 5 डिसेंबरला आझाद मैदानावर फडणवीसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि शिंदेंनी उपमुख्यमंत्रिपदाची, तेव्हापासून त्या माझ्यावरच चिडल्यात. जणू मीच खुर्ची काढून घेतली.

संज्या, खरी गोम तिथंच आहे. मुख्यमंत्र्याला मत द्यायची सोय आपल्याकडं नाहीच. मत पडतं आमदाराला, आणि आमदारही आपल्या जिल्ह्यात पक्षापेक्षा गटाचा. दक्षिणमध्ये पाटील-महाडिक घराण्यांची ईर्षा आहेच. 2014 ला अमल महाडिक, 2019 ला ऋतुराज पाटील, आता परत अमल. कागलात मुश्रीफांच्या विरोधात समरजित घाटगे उतरले, तिथली ईर्षा तर तुला सांगायला नको. करवीरला चंद्रदीप नरके निवडून आले ते दोन हजाराच्याही आतल्या फरकानं. साखर कारखाना, गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, कुणी कुणाचा कधीचा पैरा फेडला, याच्या जोडण्या लावल्याशिवाय इथं गुलाल कुणाच्या अंगावर पडत नाही. लाडक्या बहिणीची लाट होतीच, पण ती या गटांच्या पाटातूनच वाहिली. 2019 ला काँग्रेसचे चार आमदार होते आणि भाजपचा एकही नव्हता. यंदा दहापैकी एकही जागा आघाडीला नाही.

आता तुझ्या सवालाचं उत्तर. बहुमताला लागतात 145. भाजपचे आले 132, शिंदेंचे 57, अजितदादांचे 41. 132 मध्ये दादांचे 41 मिळव, 173 होतात. म्हणजे शिंदे रुसून बसले असते तरी सरकार बनत होतं. निकालानंतर ते साताऱ्याकडं आपल्या दरे गावी जाऊन राहिले, ताप होता म्हणाले. इकडं टीव्हीवाल्यांनी रुसवा म्हणून दिवसभर तेच दळलं. ताप असेल नाहीतर रुसवा, बेरजेला त्यानं काय फरक पडणार होता?

आणि 2019 आठव. तेव्हा 'मी पुन्हा येईन' म्हणणारे फडणवीसच मुख्यमंत्री होते, भाजप 105 आमदार घेऊन सगळ्यात मोठा पक्ष. शिवसेनेचे 56. पण 105 ला त्या 56 शिवाय सहज जमणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून उद्धव ठाकरे अडून बसू शकले आणि मुख्यमंत्री झाले. 56 वर मुख्यमंत्री, 57 वर उपमुख्यमंत्री! आमदार एकानं वाढला आणि पद खाली आलं. 2022 ला चाळीसेक आमदारांवर शिंदेंना जी खुर्ची मिळाली, तीही त्यांच्यावाचून अडलं होतं म्हणूनच. तेव्हा ते आतासारखे घराघरात माहीतसुद्धा नव्हते.

मावशींना हे मी तांदूळ निवडायच्या ताटात दाणे मांडून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे, 2100 कधी देणार तेवढं सांगा." याचं उत्तर मात्र माझ्याकडं नव्हतं.

सध्या कट्ट्यावर पैजा लागल्यात, जिल्ह्याला मंत्रिपदं किती आणि कुणाला. मी मुश्रीफांवर लावायला गेलो, तर सगळ्यांनी त्यांच्यावरच लावलेली; उलट बाजू घ्यायला कोण तयार नाही. तू घेतोस का? हरलास तर जानेवारीत आल्यावर मिसळ तुझ्याकडं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बाळ्या