पाकीट घेण्याआधी कागद वाचा

संपादक महोदय,

नव्या गायिकांना ‘रियाज करा, संधी मिळेल’ एवढंच सगळे सांगतात. व्यवहाराचं कुणी बोलत नाही. रेकॉर्डिंग संपलं की मानधनाच्या पाकिटासोबत कराराचा एक कागद पुढे सरकतो आणि मुली न वाचताच सही करतात. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गाण्याच्या व्यावसायिक वापरावर गायकांनाही रॉयल्टीचा हक्क दिला. लतादीदी त्यासाठी साठच्या दशकातच भांडल्या होत्या. तेव्हा ‘इसाम्रा’ (पूर्वीची ‘इस्रा’) या गायक-वादकांच्या हक्कांसाठीच्या संस्थेचं सदस्यत्व घ्या, कराराची प्रत मागून घ्या. ‘फार शहाणी दिसते’ असं कुणी म्हणेल, म्हणू दे! आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या स्टुडिओत लैंगिक छळ झाला, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते.

— एक वाचक, पुणे