तळ्याकाठची जागा

तळेगाव दाभाडे,
2 जून

प्रिय मोहन,

"जागा मस्त असेल तर टोकन देऊन टाक," हे तू तीनदा म्हणालास. फोन केला असता तर मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून हे पत्र.

रविवारी जाऊन आलो. पवना धरणाचं पाणी, समोर तुंग किल्ला, आणि शेजारी 'लेक-टच, लेक-टच' असा जप करणारा एजंट. खोटं कशाला सांगू, मीही विरघळलो. ओटा कुठे काढायचा इथपर्यंत मनात ठरलं. तेवढ्यात चपलेत काहीतरी टोचलं. बघतो तर शिंपला. माती उकरली तर आणखी चार. एजंट म्हणाला, "काका, पूर्वी कधीतरी पाणी असेल." पलीकडे काकडीचे वेल उपटणारी आजी हसली. "पूर्वी कशाला? श्रावणात या की. ही गाळपेर हाय. पानी उतरलं की पेरायचं, चढलं की सोडून द्यायचं."

म्हणजे आपला ओटा धरणाच्या बुडितात, पाटबंधारे खात्याच्या जमिनीवर! विकायची जागा वर, आंब्याच्या पलीकडे. मधला पट्टा सरकारी, हद्दीचा दगड घाणेरीच्या झुडपात. तिथे आपलं कुंपण ठोकायचं आणि त्याला लेक-टच म्हणायचं.

वरच्या जागेचा सातबारा काढला. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि मालकाच्या तीन बहिणींची नावं. एजंटच्या मते बहिणी 'सह्या देतीलच'. त्यातल्या एकीला मी फोन लावला, तर तिला विक्रीचा पत्ताच नाही. शिवाय आपल्याला हवे पाच गुंठे. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडायला बंदी, ती तुकडेबंदी; तिच्यामुळे तेवढ्याचं वेगळं खरेदीखत होत नाही, म्हणून आठ अनोळखी माणसं एकाच सातबाऱ्यावर सामाईक. वाट कोणाची, विहीर कोणाची, यावर जन्मभर आठ तोंडं.

आता अवघड गोष्ट. तू शेतकरी नाहीस, आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, म्हणून तू म्हणालास, "पैसे माझे, नाव तुझं." मोहन, हे मी करणार नाही. कायद्याची भीती आहेच. पण उद्या मी गचकलो तर वारसाच्या फेरफाराने माझ्या पोरांची नावं लागतील. वहिनी कोणता कागद घेऊन आमच्या दारात उभ्या राहतील? आपण आजवर एकमेकांकडून काही लिहून घेतलं नाही. आणि हा व्यवहार असा, की लिहून घेतलं तरी उपयोग नाही.

परतताना आजीने चहा पाजला. तिचं भातखाचर धरणात गेलं तेव्हा ती नवी नवरी होती. कुठे होतं ते तिने बोट करून दाखवलं; बोटाच्या टोकाला बनाना राइडवरची पोरं किंचाळत चाललेली. तिच्या पुतण्याचं गावठाणात दोन खोल्यांचं कौलारू घर विकायचं आहे. गावठाणातलं असल्यामुळे शेतकरी दाखल्याची भानगड नाही, घर तुझ्याच नावावर होईल. ग्रामपंचायतीचा उतारा मागितलाय. तो वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. घरातून तळं दिसत नाही, पाण्यापर्यंत चालत बारा मिनिटं. मागची भिंत ओल धरते. मला आवडलं, तुला आवडेल का माहीत नाही. तुला खिडकीतून पाणी हवं असतं.

टोकन दिलेलं नाही. तुझे पन्नास हजार उद्या परत पाठवतो. श्रावणात ये, आधी आंब्यापाशी उभे राहून पाणी कुठवर आलंय ते बघू, मग पुतण्याकडे जाऊ. वहिनींनाही आण, ओल त्यांनी बघितलेली बरी.

तुझा,
अरुण